ब्लॅक अँड व्हाईट राक्षस पहिल्यांदा बघायचे तर

पहिलं सांगतो, हे जुने राक्षसांचे पिक्चर "बघूया किती घाबरवतात" म्हणून लावू नका. तसं लावलंत तर पंधराव्या मिनिटाला मोबाईल हातात येणार आणि विसाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणणार, काय हे, मेकअप सरळ दिसतोय. दिसतोच. आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकातल्या राक्षसाचा रंगसुद्धा दिसतोच की. तो देवळाच्या बाजूला पेटाऱ्यावर आरसा टेकवून स्वतःच्या हाताने रंगत असतो, पोरं तर ते बघायला आधीच जाऊन उभी राहतात, म्हणजे आत कोण आहे ते सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी मध्यरात्री उलटून गेल्यावर तो आरोळी ठोकत बाहेर आला की मागे चादर घेऊन झोपलेली तीच पोरं ताडकन उठून बसतात. तो खरा वाटतो म्हणून नाही बसत, तो येतो कसा, उभा कसा राहतो, मान कशी फिरवतो यात सगळं असतं. हे जुने राक्षस त्याच नजरेने बघायचे. आपल्याकडे कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की ज्याने आठ-दहा रात्री दशावतार बघितलाय त्याला हे पिक्चर शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळतात, हे मी घरात आणि शेजारात लावून बघून सांगतोय.

आता सुरुवात कुठून. खूप लोक सांगतात सगळ्यात जुन्यापासून सुरू करा, 1922 चा नोस्फेरातू आधी बघा. मी म्हणतो नको. मूकपट आहे, सवय नसली की जड जातो, आणि एकदा कंटाळलात की परत या वाटेला येणार नाही. सुरुवात 1931 च्या फ्रँकेन्स्टाइनपासून करा. सव्वा तासाच्या आतला पिक्चर आहे, 71 मिनिटं, जेवणं झाल्यावर लावला तरी साडेदहापर्यंत संपतो. आणि एक लक्षात ठेवा, फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, ज्याने त्याला मेलेल्यांचे तुकडे जोडून बनवला त्या माणसाचं आहे. राक्षसाला नावच नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत पण राक्षसासमोर नटाच्या नावाऐवजी फक्त प्रश्नचिन्ह टाकलंय. तो नट म्हणजे बोरिस कार्लोफ.

लावायच्या आधी टीव्हीची सेटिंगं बघा, हे अजिबात टाळू नका. ट्यूबलाईट बंद. देव्हाऱ्यातली समई किंवा झिरोचा दिवा चालेल, पण तो टीव्हीच्या काचेत दिसायला नको. मग पिक्चर मोड "व्हिविड" वर असेल तर "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" वर न्या, कारण व्हिविडमध्ये करडे रंग सगळे मरतात आणि नुसतं पांढरंफटक आणि काळंकुट्ट उरतं, आणि या पिक्चरांची सगळी मजा मधल्या करड्यात आहे. मोशन स्मूदिंग नावाचं काहीतरी असतं, कंपनीप्रमाणे नाव वेगळं, ते बंद करा, नाहीतर सगळी माणसं सिरियलमधल्यासारखी गुळगुळीत चालायला लागतात. आणि तिसरं, 1930-40 च्या दशकातले हे पिक्चर जवळजवळ चौकोनी आहेत, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. घरात कोणीतरी रिमोट घेऊन पडदा भरायला जाईल, त्याला थांबवा. पडदा ताणला की कार्लोफचा लांबट, गालफडं बसलेला चेहरा भोपळ्यासारखा होतो, आणि त्या चेहऱ्यासाठी तर आपण बसलोय. झूम केलात तर कपाळ कापलं जातं, म्हणजे तेही नको.

सबटायटल लावा, इंग्रजी चांगलं येत असलं तरी. 1931 म्हणजे बोलपट नुकते आलेले, आपला आलम आरा मुंबईत 14 मार्च 1931 ला लागला आणि बेला लुगोसीचा ड्रॅक्युला अमेरिकेत त्याच्या महिनाभर आधी, म्हणजे सगळेच तेव्हा माईकपुढे शिकत होते. आवाज खरखरतो, माणसं नाटकात बोलतात तसं टाकून बोलतात, आणि फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला दोन्हीत टायटलं वगैरे सोडली तर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. पहिल्यांदा ते रिकामं रिकामं वाटतं. दहा मिनिटं द्या, मग त्या शांततेत पावलं ऐकू यायला लागतात.

रंगीत केलेली कॉपी मिळाली तर घेऊ नका. प्रकाशाचं सगळं गणित काळ्या-पांढऱ्याला धरून बसवलेलं आहे. जॅक पिअर्स नावाचा रंगभूषाकार कार्लोफच्या चेहऱ्याला करडट हिरवा रंग लावायचा, कारण त्या फिल्मवर तो रंग प्रेतासारखा फिकट उमटायचा. रोज चार तासांच्या आसपास नुसत्या मेकअपमध्ये जायचे. पापण्या जड दिसाव्यात म्हणून त्यावर मेण, ते कार्लोफनेच सुचवलेलं, आणि एका बाजूचे खोटे दात काढून ठेवले की तिथला गाल आत जायचा. म्हणजे आपल्याकडचे कलाकार स्वतःचा चेहरा स्वतः ओळखून रंग लावतात ना, तीच जात. यापेक्षा कट्टर कोण होता तर लॉन चेनी, 1925 च्या फँटम ऑफ द ऑपेरात त्याने मेकअप पूर्ण स्वतः केलाय आणि मुखवटा मागून ओढला जातो तो क्षण आजही पोटात गोळा आणतो, पण तो मूकपट आहे, नंतर बघा.

परत फ्रँकेन्स्टाइनकडे येतो, कारण दोन जागा आहेत तिथे कोणी बोलायला नको.

एक, राक्षसाची पहिली एन्ट्री. दार उघडतं आणि तो पाठमोरा येतो. पाठमोरा! मग हळूहळू वळतो, आणि कॅमेरा तीन झटक्यांत जवळ जातो, दर वेळी चेहरा मोठा. नंतर त्याला खुर्चीत बसवतात आणि वरचं झडप उघडतात, वरून उजेड पडतो, आणि तो दोन्ही हात वर करून तो उजेड पकडायला बघतो. त्याने आयुष्यात पहिल्यांदा उजेड बघितलाय. मग झडप बंद करतात, उजेड जातो, आणि ते दोन हात तसेच पसरलेले राहतात, मागत असल्यासारखे. हातांकडे बघा तिथे, चेहऱ्याकडे नंतर बघाल. एक शब्द बोलत नाही तो पूर्ण पिक्चरभर आणि तरी त्या हातांनी सगळं सांगितलंय.

दुसरी जागा तळ्याकाठची. लहान मुलगी एकटी खेळतेय, ती याला घाबरत नाही, हात धरून बसवते आणि फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात, हा हसतो. मग याच्या हातातली फुलं संपतात. पुढचं मी सांगत नाही, पण माझ्या आजीबरोबर हा पिक्चर पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलेलं ती उठून जाणार, तिला इंग्रजी शून्य येतं, सबटायटलं पण वाचता येत नाहीत, मी मधेमधे गोष्ट सांगत होतो, आणि त्या जागेला मला काही सांगायची वेळच आली नाही. ती पदर तोंडाला लावून बसली आणि थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "तेका काय म्हायत रे, फुलां तरंगतत आणि माणसां बुडतत तां." मी त्या पिक्चरवर नंतर बरंच वाचलं, पण याच्यापेक्षा नेमकं काही वाचलं नाही. हा सीन अनेक वर्षं कापलेला होता, राक्षस हात पुढे करतो तिथेच तुटायचा, 1980 च्या दशकात परत जोडला, त्यामुळे जुनी कॉपी असेल तर हा तुकडा नसेल, पूर्ण कॉपीच शोधा. आणि घरात अगदी लहान पोरं असतील तर त्यांना यावेळी बसवू नका, त्यांच्यासाठी दुसरा सांगतो खाली.

दुसऱ्या रात्री लगेच ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन लावा, 1935 चा, दिग्दर्शक तोच, जेम्स व्हेल. गोष्ट पहिली संपते तिथूनच सुरू होते. इथे राक्षस बोलायला शिकतो, आणि शिकवतो कोण तर रानात एकटा राहणारा एक आंधळा म्हातारा, ज्याला समोर कोण उभंय ते दिसतच नाही म्हणून तो त्याला पाहुण्यासारखा घरात घेतो, भाकरतुकडा देतो, व्हायोलिन वाजवून दाखवतो. मला विचाराल तर या सगळ्या पिक्चरांत हा सर्वात चांगला. पण पहिला न बघता हा बघू नका.

इथपर्यंत आलात तर पुढे क्रम फार महत्त्वाचा नाही, ऋतू महत्त्वाचा. हे कोकणातल्या माणसाला कळेल. ड्रॅक्युला पावसाळ्यात लावू नका. पत्र्यावर पाऊस पडत असताना त्या पिक्चरमधलं काहीच हाती लागत नाही, कारण त्यात शांतता हीच गोष्ट आहे. तो पौषातल्या थंडीत, रातकिडे आणि लांबून समुद्राची गाज एवढंच ऐकू येतं अशा रात्री लावा. सुरुवातीचा वाड्यातला भाग अप्रतिम, लुगोसी जिन्यावरून हातात मेणबत्ती घेऊन उतरतो तो, आणि त्याच्या डोळ्यांवर मुद्दाम बारीक उजेड टाकलाय ते बघा. लुगोसी मूळचा हंगेरीचा, न्यूयॉर्कला हीच भूमिका 1927 ला नाटकात केलेली, त्यामुळे त्याचं ते ओढून बोलणं पुढे सगळ्या ड्रॅक्युलांनी उचललं. नंतरचा लंडनमधला भाग मात्र रेंगाळतो, बैठकीच्या खोलीत बसून बोलतच राहतात. ते मनाची तयारी करून बघा. आवडला तर त्याचा स्पॅनिश भाऊ पण आहे, त्याच सेटवर, त्याच वर्षी, रात्रीच्या वेळी वेगळे नट घेऊन काढलेला. दिवसा इंग्रजीवाले शूटिंग करायचे, रात्री स्पॅनिशवाले. कॅमेरा त्यात जास्त फिरतो.

उलट नोस्फेरातू बरोबर आषाढात लावा. मूकपट आहे, पावसाने कितीही धिंगाणा घातला तरी एक शब्द चुकत नाही, आणि ओले वासे, भिंतीला आलेली ओल, बाहेर काळोख, यात तो माक्स श्रेकचा टक्कल-कान-नखांचा काउंट ऑर्लोक जो काय दिसतो! गोष्ट ड्रॅक्युलाचीच आहे, पण परवानगी न घेता, नावं बदलून केलेली. ड्रॅक्युला कादंबरीच्या लेखकाची विधवा कोर्टात गेली, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, काही इकडेतिकडे वाचल्या म्हणून आज बघायला मिळतो. हा यूट्यूबवर फुकट सापडतो, पण एक मोठी गोम आहे. त्या काळी रात्रीचे सीन दिवसा शूट करायचे आणि नंतर फिल्म निळ्या रंगात बुडवायचे, निळं दिसलं की प्रेक्षकाने रात्र समजायची, पिवळसर म्हणजे घरातला दिवा. स्वस्तातल्या कॉपीत हा रंग गेलेला असतो, त्यामुळे सूर्याला घाबरणारा माणूस भर उन्हात शवपेटी काखेत मारून गावातून चाललाय असं दिसतं आणि लोक हसतात. तेव्हा निळी-पिवळी छटा असलेली दुरुस्त केलेली कॉपीच घ्या. आणि पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, नेट तर त्याच्या आधी जातं, म्हणून दुपारी रेंज असताना डाउनलोड करून पॉवर बँक भरून ठेवा. भाजलेल्या आठळ्या करा. ड्रॅक्युलाला आठळ्या नको, सोलताना आवाज होतो.

द इन्व्हिजिबल मॅन, 1933, हा पण व्हेलचाच. नट क्लॉड रेन्स, शेवटचा क्षण सोडला तर त्याचा चेहरा दिसत नाही, नुसत्या आवाजावर पिक्चर ओढलाय. पट्ट्या सोडवतो आणि आत काहीच नाही, ते कसं केलं तर माणसाला कपड्यांच्या आत काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीपुढेच उभं करायचं, म्हणजे फिल्मवर फक्त शर्ट-पँट उमटते, मग ते दुसऱ्या चित्रावर जोडायचं. कंप्युटरला अजून जन्म नव्हता.

द वुल्फ मॅन 1941 चा, लॉन चेनीच्या मुलाचा, बघा, पण घाई नाही. एकच सांगतो, लिहिणारा कर्ट सिऑडमाक ज्यू होता, हिटलर आल्यावर जर्मनी सोडून गेलेला, आणि या पिक्चरमध्ये लांडगा ज्याला मारणार त्याच्या तळहातावर आधी चांदणी उमटते; नाझींनी ज्यूंना अंगावर चांदणी लावायला लावलेली, ते आठवा. द ममी, 1932, रेंगाळतो, पण डोळे उघडतात तो एक क्षण सोन्यासारखा आहे.

ज्यांना राक्षस न दाखवता भीती कशी घालतात ते बघायचंय त्यांनी 1942 चा कॅट पीपल बघावा. पैसे कमी होते म्हणून निर्माता व्हॅल ल्यूटनने राक्षस दाखवलाच नाही जवळजवळ. एक बाई रात्री रस्त्याने एकटी चाललीय, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज, मग तो आवाज थांबतो, आणि ही पळायला लागते. रात्रीच्या शेवटच्या एसटीतून उतरून पाणंदीने बॅटरी मारत घरी आलेला कुठलाही माणूस हा सीन अंगावर काटा आल्याशिवाय बघू शकत नाही. त्यात पुढे एका गाडीचा ब्रेक लागतो, फुस्स्! आता मी सांगितलं तरी तुम्ही दचकणार.

लहान पोरांसाठी क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून, 1954. मे महिन्यात लावा, पोरं दिवसभर खाडीत डुंबून आलेली असतात तेव्हा. वर नायिका पोहतेय आणि तिच्या खाली, उलटा, तिच्याच हातापायांच्या लयीत तो मासळी-माणूस पोहतोय. पाण्याखालचं सगळं काम रिकू ब्राउनिंग या पोहणाऱ्याने केलं, सूटमध्ये नळकांडं नाही, श्वास रोखून, चार चार मिनिटं. तारकर्लीला बुडी मारणाऱ्या माझ्या भाच्याने हे ऐकल्यावर तो सीन परत मागे घेऊन घड्याळ लावून बघितला होता.

किंग काँग (1933) मोठा आहे, 100 मिनिटं, आणि पहिला अर्धा तास काँग येतच नाही. बेटावरच्या लोकांना त्यात जसं दाखवलंय ते आज बघवत नाही, हे पोरांना सोबत बसून सांगा, गाळू नका. पण काँग स्वतः म्हणजे एक-दीड फुटाची बाहुली, वर सशाची कातडी. एका सेकंदाला 24 चित्रं, दर चित्राला बाहुली केसभर हलवायची. म्हणून त्याची लव सारखी सळसळताना दिसते, ते हलवणाऱ्याच्या बोटांचे ठसे आहेत. मला ते बघायला फार आवडतं, नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसाची बोटं. डायनासोरला मारल्यावर काँग त्याचा मेलेला जबडा उघडून मिटून बघतो, पोरासारखा, तिथे थांबा.

आणि शेवटी ठेवा गॉडझिला, म्हणजे मूळ जपानी गोजिरा, 1954. नंतरचे सगळे मारामारीचे विसरा. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटांजवळ हायड्रोजन बाँबची चाचणी केली, तिची राख टूना पकडायला गेलेल्या एका जपानी होडीवर पडली, 23 खलाशी होते, त्यातला एक त्याच वर्षी गेला. त्या होडीचं नाव लकी ड्रॅगन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा पिक्चर लागला, आणि तो सुरू होतो तोच मुळी होडीवरून. खलाशी डेकवर बसून गातवाजवत आहेत, पाणी उकळतं, डोळे दिपवणारा उजेड, आणि संपलं.

हा मी जुलैमध्ये लावला होता, मासेमारीला बंदी होती, होड्या वर ओढून झाप घालून ठेवलेल्या, म्हणून शेजारचे तात्या आले होते, ते तांडेल, चाळीस वर्षं समुद्रात काढलेली. दुसऱ्या की तिसऱ्या होडीची बातमी येते आणि खलाशांची घरची माणसं कंपनीच्या ऑफिसात गर्दी करतात, कोणी ओरडतंय, कोणी नुसतंच उभं, फोन वाजतोय. तात्या पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "ह्या बरोबर दाखवल्यान हां." नंतर बेटावर वादळाच्या रात्री घरं पडतात, वाऱ्याबरोबर आणखी काहीतरी येतं, कौलं उडतात, तेव्हा घरात कोणीच बोललं नाही, कारण मे 2021 चं तौक्ते सगळ्यांच्या अंगावरून गेलेलं, ती रात्र कोणाला सांगायला लागत नाही. त्याच बेटावर मुखवटे घालून नाचतात, त्या राक्षसाला शांत करायला, आणि म्हातारा कोळी सांगतो की मासळी मिळेनाशी झाली की पूर्वी काय करायचे. तिथे आजी मान हलवत होती.

राक्षस म्हणजे आत माणूस, हारुओ नाकाजिमा, जवळजवळ 100 किलोचा सूट, काही मिनिटांतच बाहेर काढायला लागायचं. आरोळी मात्र जनावराची नाही, मोठ्या बास व्हायोलिनच्या ढिल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून काढलेली. आवाज मोठा ठेवा, ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो लावा, पहिली आरोळी येण्याआधी नुसत्या पावलांचे ठोके येतात, ते टीव्हीच्या स्पीकरवर नीट येत नाहीत.

फक्त कॉपी घेताना बघा. 1956 ला अमेरिकेत हाच पिक्चर कापून, मध्ये एक अमेरिकन पत्रकार घुसवून लावला होता, 80 मिनिटांचा, त्यात बाँबचं दुःख बरंचसं गळलंय. सुरुवातीलाच ढिगाऱ्यात पडलेला तो गोरा पत्रकार दिसला आणि इंग्रजीत गोष्ट सांगायला लागला तर तिथेच बंद करा आणि 96 मिनिटांची जपानी शोधा.